दुकानाच्या आवारात परक्या गाड्या लागत असतील तर काय करावं

सकाळी शटर वर करावं आणि मालाचा टेम्पो लागायच्या जागी कुणाची तरी अनोळखी मोटार उभी दिसावी, हा ताप पुण्यात धंदा करणाऱ्याला नवा नाही. डोकं फिरतं आणि हात थेट चाकाच्या व्हॉल्व्हकडे जातो. तो हात आवरा. हवा सोडलीत की तक्रारदार तुम्ही राहत नाही, गाडीवाला होतो.

आधी जागा कुणाची ते बघा. बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं. दुकानासमोरचा फुटपाथ आणि रस्ता तुमचा नाही. तिथे तुम्ही लावलेल्या ‘नो पार्किंग’च्या पाटीला कायद्याचं बळ नाही. मंजूर नकाशा काढा, त्यात मोकळी जागा आणि पार्किंग कुठे दाखवलंय ते पाहा. गाळा सोसायटीच्या इमारतीत असेल तर जास्तच जपून. मोकळं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळातलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला आहे. त्यामुळे ‘बिल्डरने मला दिलंय’ एवढं म्हणून भागत नाही, सोसायटीचा ठराव किंवा पत्र हवं. भाड्याचा गाळा असेल तर करारात पार्किंगचा उल्लेख आहे का, तेही वाचा.

मग ती जागा खाजगी आहे हे दिसू द्या. पिवळे पट्टे मारा, प्रवेशाशीच मोठी पाटी लावा: ‘खाजगी जागा. फक्त ग्राहकांसाठी, दुकानाच्या वेळेत.’ खाली दुकानाचा फोन नंबर. ‘हवा सोडली जाईल’ असलं काही लिहू नका, ती पाटी उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. रात्री साखळी लावता येते, पण अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडता कामा नये.

गाडी उभी दिसलीच तर नंबर आणि आजूबाजूची जागा दिसेल असा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. मग शेजारच्या दवाखान्यात, बँकेत, हॉटेलात विचारा. माझा अनुभव असा, की गाडीवाला बहुधा पन्नास पावलांतच सापडतो आणि खजील होऊन गाडी काढतो. अमुक दवाखान्याचेच पेशंट रोज येत असतील तर डॉक्टरांशी एकदा चहावर बोला. त्यांच्या रिसेप्शनवर लागलेली एक सूचना तुमच्या दहा पाट्यांपेक्षा जास्त काम करते. कुणीच भेटलं नाही तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा. काचेवर गोंदाने कागद चिकटवू नका.

वाट पूर्ण अडली असेल तर 112 वर फोन करा किंवा जवळच्या चौकीत जा. वाहतूक पोलिसांची उचलगाडी मात्र गृहीत धरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 127 सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस राहिलेल्या आणि मनाई असलेल्या ठिकाणी लावलेल्या गाड्यांबद्दल आहे. त्या उचलायला किंवा त्यांना जॅमर लावायला परवानगी देण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा. म्हणून बाजारातून जॅमर आणून स्वतःच लावणं धोक्याचं. टायर किंवा काच फोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 324, म्हणजे ‘आगळीक’ (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याचा गुन्हा), तुमच्यावरच लागू शकतं. आपली गाडी आडवी लावून समोरच्याला कोंडणंही टाळा. त्याच्या घरी कुणी आजारी असेल तर?

आठवडाभर हलली नाही अशी, धूळ खात पडलेली गाडी असेल तर लगेच पोलीस ठाण्यात लेखी कळवा. ती चोरीची असू शकते. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

तोच माणूस पुन्हा पुन्हा लावतो? आता तारीखवार फोटो कामी येतात. आधी साधं पत्र द्या, मग वकिलाची नोटीस. पोलीस कधी कधी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नसतं: न्याय संहितेच्या कलम 329 खालचं फौजदारीपात्र अतिक्रमण ठरायला त्रास देण्याचा किंवा तसाच काही हेतू दाखवावा लागतो. नोटीस मिळूनही तो मुद्दाम गाडी लावत राहिला, तर हेतूबद्दल बोलायला तुमच्याकडे काहीतरी असतं. तेवढ्यानेही थांबला नाही, तर दिवाणी न्यायालयात कायम मनाई हुकुमाचा दावा करता येतो. वकिलाकडे जाताना नकाशा, करार, पत्रांच्या पोचपावत्या आणि फोटो एकाच फाइलमध्ये लावून न्या.