अर्जाआधीचा नकार: स्किझोफ्रेनियासह काम शोधताना

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासह जगणाऱ्या माणसाला नोकरी नाकारणारा पहिला माणूस बहुधा तो स्वतःच असतो, कारण ‘याला कोण कामावर ठेवणार’ हे घरीदारी ऐकलेले वाक्य काही वर्षांत त्याचेच मत होऊन बसते आणि अर्ज कागदावर उतरतच नाही.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. डाव्या पानावर ते वाक्य जसेच्या तसे लिहावे आणि उजव्या पानावर गेल्या महिन्यात स्वतः केलेली कामे नोंदवावीत: वीजबिल भरले, पुतण्याचा अभ्यास घेतला, औषध एकदाही चुकवले नाही. निरुत्साह हे या आजाराचेच एक लक्षण आहे. घरचे त्याला आळस म्हणतात, आपण म्हणू नये. ‘पूर्ण बरे झाल्यावर बघू’ असे म्हणत थांबण्याचीही गरज नाही. लांबलचक पूर्वप्रशिक्षणापेक्षा लवकर खरे काम मिळवून देऊन सोबत आधार देण्याची पद्धत अनेक देशांतील अभ्यासांत अधिक उपयुक्त ठरली आहे.

काम निवडताना पगाराइतकेच वेळेकडे पाहावे. फिरत्या पाळ्या आणि जागरण शक्यतो टाळावे. औषधाने सकाळी गुंगी राहत असेल, तर डोस परस्पर बंद न करता त्याची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

सांगायचे की नाही, हा सर्वांत अवघड प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क देतो, त्यामुळे मुलाखतीत आपणहून निदान सांगितलेच पाहिजे असे नाही. मात्र लेखी अर्जात थेट प्रश्न असेल, तर खोटे उत्तर पुढे अंगाशी येऊ शकते. सवलत हवी असेल, तर गरजेपुरते बोलावे: ‘माझ्यावर दीर्घकालीन उपचार सुरू आहेत, तपासणीसाठी महिन्यातून एकदा अर्धा दिवस लागेल.’ हे वाक्य आपल्या शुभंकरासमोर, म्हणजे काळजी घेणाऱ्या नातेवाइकासमोर, दोनचारदा म्हणून पाहावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास सरकारी पदांमधील 4 टक्के आरक्षणापैकी, इतर काही दिव्यांगत्वांसह विभागलेल्या 1 टक्क्यावर दावा करता येतो. शिक्का बसेल या भीतीने अनेक जण या प्रमाणपत्राचे कार्ड काढतच नाहीत; खरे तर ते पाकिटात राहते, कपाळावर नाही.

रुजू झाल्यावर झोप कमी होणे, संशय वाढणे अशी आपली पूर्वलक्षणे लिहून शुभंकराकडे द्यावीत आणि ती दिसताच राजीनामा न लिहिता आधी डॉक्टरांना किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.