माइकचा आर्म: विकत घेताना आणि घरी बनवताना

खानदेशात अहिराणी गाणी, गोष्टी, शेतीची माहिती किंवा स्पर्धा परीक्षेचे तास घरच्या घरी रेकॉर्ड करणारी मंडळी आता गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे सगळे पैसे माइक आणि मोबाइल यांतच संपतात आणि माइक धरायच्या वस्तूसाठी काहीच उरत नाही. मग तो पुस्तकांच्या थप्पीवर बसतो, बोलणारा दोन हात लांबून बोलतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टेबलाची टकटक आणि खोलीचा घुमारा बोलण्याइतकाच ठळक ऐकू येतो. याचा दोष अनेकजण माइकला देतात आणि आणखी महाग माइक मागवतात. माझ्या अनुभवात मात्र माइक तोच ठेवून त्याला तोंडासमोर एक वीत अंतरावर, म्हणजे साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, स्थिर धरणारा आर्म मिळाला की आवाज लगेच सुधारतो. त्याचे कारणही सरळ आहे. अंतर दुप्पट झाले की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण खोलीचा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो.

आर्म पाहायला निघण्याआधी माइक वजनकाट्यावर ठेवावा. घरी काटा नसेल, तर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आपल्या काट्यावर एका मिनिटात वजन करून देतो. गाण्याच्या कार्यक्रमांत सगळीकडे दिसणारा शुअर एसएम५८ सुमारे ३०० ग्रॅमचा आहे आणि ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सुमारे ३४५ ग्रॅमचा. ब्लू यती त्याच्या टेबलस्टँडशिवाय ५५० ग्रॅमच्या आसपास भरतो, शुअर एसएम७बी ७६५ ग्रॅमच्या आसपास, तर रोड कंपनीचा पॉडमाइक ९३७ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ किलोभराचा आहे. शॉक माउंट (हादरे अडवणारी, रबरांवर माइक तोलणारी चौकट), पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) आणि लोंबणारी केबल यांचेही वजन आर्मलाच पेलावे लागते, म्हणून हे सगळे एकत्र जोडून मगच वजन करावे. शिवाय नुसते वजन कळून भागत नाही, कारण तोच माइक ४० सेंटिमीटरऐवजी ८० सेंटिमीटर पुढे काढला की सांध्यावरचा ताण दुप्पट होतो. खोली लहान असेल, तर लांब आर्मचा मोह टाळावा.

बाजारात सर्वांत जास्त खपतो तो दोन घड्यांचा, बाहेरून स्प्रिंगा दिसणारा कैचीसारखा आर्म. त्याची रचना मुळात टेबललॅम्पची आहे. जॉर्ज कार्वर्डीन या ब्रिटिश अभियंत्याने १९३२ मध्ये स्प्रिंगांच्या ताणाने वजन तोलून धरणाऱ्या दिव्याचे पेटंट घेतले आणि आजचे माइक आर्म त्याच तत्त्वावर चालतात. स्प्रिंग ठरावीक वजनासाठीच ताणलेली असते, हे यातले ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माइक जड असेल, तर आर्म हळूहळू खाली बसतो आणि फार हलका असेल, तर आपोआप वर उचलला जातो. चांगल्या दर्जाच्या रोड पीएसए१ या आर्मला ७०० ग्रॅम ते १.१ किलो एवढे वजन लागते, म्हणजे त्यावर ३०० ग्रॅमचा माइक लावला तर महागडी वस्तू घेऊनही तो जागेवर राहणार नाही. त्यामुळे ‘जास्त दाम तो चांगला’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. हलक्या माइकसाठी साधारण ५०० ते ९०० रुपयांचा साधा कैची आर्म पुरतो. माइकचे सगळे वजन ६०० ग्रॅमच्या पुढे गेले, तर त्याच वर्गातला आर्म घेण्याऐवजी थोडे पैसे साठवून जमिनीवर उभा राहणारा, आडव्या दांडीचा बूम स्टँड घ्यावा, असे माझे मत आहे.

आर्म दुकानात घेत असाल, तर सोबत अर्धा किलो मिठाची पुडी घेऊन जावी आणि ती कापडी पिशवीत घालून आर्मच्या टोकाला लटकवावी. मागवून घेतला असेल, तर हीच परीक्षा पहिल्याच दिवशी घरी करावी, म्हणजे परत पाठवायची मुदत हातची जात नाही. आर्म भिंतीजवळ ठेवून टोकाच्या उंचीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी आणि रात्रभर तसाच सोडावा. सकाळी टोक रेघेच्या दोन बोटे खाली आले असेल, तर सांध्याचे स्क्रू आवळून पुन्हा एक रात्र पाहावी. त्यानंतरही तो खाली बसला, तर त्या आर्मवर आणखी वेळ घालवू नये.

आर्मपेक्षाही जास्त फसवतो तो त्याचा टेबलाला आवळायचा क्लॅम्प. आम्ही आत्याला फुई म्हणतो. माझ्या फुईकडून कानबाईची, म्हणजे आमच्याकडे श्रावणात बसवतात त्या देवीची, गाणी रेकॉर्ड करायला बसलो, तेव्हा मी आर्म घडीच्या टेबलाला आवळला होता. त्या टेबलाच्या काठाखाली लोखंडी पट्टी होती आणि क्लॅम्पचा खालचा चपटा गोल त्या पट्टीवर अर्धाच टेकला होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर क्लॅम्प सनमायकावरून सरकला आणि आर्म माइकसकट खाली आला. फुई डोळे मिटून गात होती, ती दचकून म्हणाली, “काय पडनं रे?” माइकच्या जाळीला पोचा आला, तो मी घरीच काढला, पण ते गाणे तिने नंतर पुन्हा तशा लयीत म्हटले नाही. तेव्हापासून मी क्लॅम्प लावण्याआधी टेबलाच्या काठाखाली बोटे फिरवून पाहतो आणि दोन्ही जबड्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवतो. त्याने पकड घट्ट होते आणि टेबलाचे हादरेही थोडे कमी पोहोचतात. काचेच्या टेबलाला क्लॅम्प कधीही आवळू नये. लॅपटॉप ज्या टेबलावर आहे, त्याच टेबलाला आर्म लावण्यापेक्षा शेजारच्या फडताळाला किंवा मजबूत खिडकीच्या लाकडी चौकटीला लावावा, कारण लॅपटॉपच्या पंख्याची घरघर आणि कळा दाबल्याचा आवाज लाकडातून सरळ माइकपर्यंत जातो.

आता आट्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरी काही बनवू पाहणारे बरेचजण इथेच अडतात. माइक ज्यात अडकवतात त्या क्लिपला बहुधा ५/८ इंचाच्या, इंचाला २७ आटे असलेल्या बारीक आट्या असतात. हार्डवेअरच्या दुकानात पाच सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट मागितला, तर जाडी तीच मिळते पण आटे इंचाला ११ असतात, म्हणून तो क्लिपमध्ये बसत नाही. जोर लावला, तर क्लिपच्या आट्या मरतात. यावर उपाय असा की क्लिपबरोबर येणारी किंवा वेगळी मिळणारी पितळी रिंग आत बसवावी. तिच्यामुळे आतला व्यास ३/८ इंच होतो आणि त्याला इंचाला १६ आटे लागतात. आपल्याकडचा जुन्या मापाचा तीन सुती बोल्ट नेमका १६ आट्यांचा असतो, त्यामुळे तो छान बसतो. मात्र दुकानदार कधी कधी तीन सुतीच्या जागी १० मिलिमीटरचा बोल्ट हातात ठेवतो. दिसायला दोन्ही सारखेच असतात, पण मिलिमीटरचा बोल्ट रिंगमध्ये जात नाही. म्हणून रिंग बरोबर न्यावी आणि बोल्ट तिथेच फिरवून पाहावा. कॅमेऱ्याच्या तिपाईवर माइक लावायचा असेल, तर तिचा स्क्रू १/४ इंची आणि २० आट्यांचा असतो, म्हणजे आपल्या भाषेत दोन सुती.

घरात जुना स्प्रिंगचा अभ्यासाचा दिवा पडून असेल, तर तो सर्वांत स्वस्त आर्म ठरतो. प्लग काढून दिव्याचा होल्डर, छत्री आणि वायर पूर्णपणे बाहेर काढावी. वीजवाहक वायर आत ठेवून तिच्यावर माइक लावणे धोक्याचे आहे. काढलेली छत्री आणि होल्डर यांचे वजन करून ठेवावे, कारण दिव्याची स्प्रिंग तेवढ्याच वजनाला बेतलेली असते. माइक त्याहून हलका भरला, तर टोकापाशी दोन-चार जाड वॉशर चढवून वजन जुळवावे. जड भरला, तर हा दिवा त्या माइकच्या कामाचा नाही. स्प्रिंगांचा एक त्रास विकतच्या आर्मलाही असतो. जोरात बोलले किंवा टेबलाला हात लागला, की स्प्रिंग तंबोऱ्याच्या तारेसारखी बारीक झणझणते आणि हेडफोन लावल्याशिवाय ते कळत नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून लोकरीचा जाड धागा किंवा फोमची अरुंद पट्टी ओवली, की ती झणझण जवळजवळ बंद होते.

शेतावर उरलेला एक इंची पीव्हीसी पाइप असेल, तर तोलाचा आर्म अर्ध्या दिवसात तयार होतो आणि मला हाच प्रकार सर्वांत भरवशाचा वाटतो. ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची नळी, म्हणजे लॅटरल, यासाठी चालत नाही, कारण ती वाकते. उभ्यासाठी १२० सेंटिमीटर पाइप घ्यावा आणि रंगाच्या ४ लिटरच्या रिकाम्या डब्यात खडी-सिमेंट भरून त्यात रोवावा. ओळंब्याने तो सरळ आहे का ते पाहून दोन दिवस हात लावू नये. आडव्यासाठी १ मीटर पाइप घेऊन एका टोकापासून ३० सेंटिमीटरवर आरपार भोक पाडावे. उभ्या पाइपच्या माथ्याशीही तसेच भोक पाडून दोन्ही पाइप शेजारी शेजारी तीन सुती बोल्टने जोडावेत. मध्ये सायकलच्या ट्यूबचा वॉशर ठेवावा आणि बाहेरून दोन कानांचा विंग नट लावावा, म्हणजे पाना न घेता हाताने सैल-घट्ट करता येते. लांब बाजूच्या टोकाला लाकडाचा गट्टू ठोकून त्यातून बोल्ट बाहेर काढला, की क्लिप त्यावर बसते. आखूड बाजूला लिटरची बाटली बांधावी. समजा माइक आणि माउंट मिळून ४२० ग्रॅम आहेत आणि ते भोकापासून ७० सेंटिमीटरवर आहेत, तर मागे २८ सेंटिमीटरवर १,०५० ग्रॅम लागतात. पुढच्या पाइपचे स्वतःचे वजन धरले, तर प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक लागते. पाणी भरले तर लिटरच्या बाटलीत एकच किलो मावते आणि हलले की डचमळते. म्हणून बाटलीत कोरडी वाळू मूठ-मूठ टाकत जावी आणि विंग नट सैल ठेवूनही दांडी जागच्या जागी राहू लागली की थांबावे. तोल असा साधला, की नटावर जोर पडत नाही, डब्यालाही पुढे कलायचे कारण उरत नाही आणि एका बोटाने माइक वर-खाली नेता येतो.

केबल आर्मला दोन-तीन ठिकाणी बांधावी, पण प्रत्येक सांध्यापाशी सैल फास सोडावा, नाहीतर आर्म फिरवताना तीच ओढली जाते आणि यूएसबी माइकचे छिद्र ढिले होते. लॅटरलचे दोन बोटांचे तुकडे उभे चिरले, तर ते केबल धरायला चिमट्यासारखे उपयोगी पडतात. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता गालाच्या बाजूने, तिरपा रोखावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ यांची फुंकर सरळ आत जात नाही. मग हेडफोन लावून तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करावी आणि त्याच वेळी टेबलावर हलकेच टिचकी मारावी. टिचकी ‘धप्’ अशी ऐकू आली, तर शॉक माउंट लावावा आणि रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये ८० हर्ट्झखालचा खर्जाचा आवाज कापून टाकावा. बोलण्याचे त्यात काही बिघडत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्वस्त शॉक माउंटची रबरे महिन्या-दोन महिन्यांत तडकतात. त्यांच्या जागी केसांना लावायचे कापडी आवरणाचे रबर घातले, तर ते जास्त टिकतात.

ज्यांना बाजेवर बसलेल्या वयस्कर माणसाचे रेकॉर्डिंग करायचे आहे, त्यांना टेबलाचा आर्म फारसा उपयोगी पडत नाही. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात सर (छताच्या लाकडी तुळया) असतात आणि पुष्कळ घरांत बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्याही शाबूत असतात. दोन कड्यांपासून नायलॉनच्या दोन दोऱ्या खाली आणून माइकशी एकत्र बांधल्या, तर माइक इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा लटकतो, गरगर फिरत नाही आणि जमिनीवरच्या पावलांचा हादरा त्याच्यापर्यंत येत नाही. गाठी सरकत्या ठेवाव्यात, म्हणजे माणूस बसल्यावर उंची बदलता येते. खाली कोणी बसणार असल्यामुळे तिसरी, थोडी सैल दोरी सुरक्षेसाठी बांधावीच. छताचा पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. फुईची उरलेली गाणी मी पुढच्या श्रावणात अशीच घेतली. माइक तिच्या कपाळाच्या थोडा वर होता आणि पहिल्या गाण्यानंतर तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.