युजर टेस्टिंगला माणसं बसवण्याआधी

एक ठरावीक काम डोळ्यांसमोर ठेवू. नागपूरच्या धंतोलीतल्या एखाद्या हॉस्पिटलची वेबसाइट आहे, तिच्यावरून पेशंटने घरबसल्या नंबर लावावा अशी डॉक्टरांची इच्छा आहे. साइट सुरू होऊन काही महिने झाले, लोक मात्र अजून रिसेप्शनला फोनच करतात. म्हणून खऱ्या माणसांना साइटसमोर बसवून बघायचं ठरलं. बसवायला एक-दोन दिवस पुरतात, तयारीला आठवडा लागतो. आणि आपल्याकडे त्या तयारीतला निम्मा जोर एकाच गोष्टीवर लावावा लागतो: नागपूरचा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. साइट कळो न कळो, "मस्त आहे ना जी" म्हणतो, चहा घेतो आणि जातो. पुढची बरीचशी यादी त्या 'मस्त'च्या पलीकडे कसं जायचं याची आहे.

सगळ्यात आधी क्लायंटकडून, म्हणजे हॉस्पिटलकडून, प्रश्न लिहून घ्या, तोही एका कागदावर मावेल एवढाच. "लोकांना साइट कशी वाटते ते विचारा" यावर काम सुरू करू नका. आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ पासून हेच सांगतंय की कोण वापरणार, कशासाठी वापरणार आणि कुठल्या परिस्थितीत, हे ठरल्याशिवाय वापरसुलभतेला, म्हणजे 'वापरायला सोपं' म्हणण्याला, अर्थ नाही. आपल्या कामात प्रश्न असा लिहिता येईल: गोंदियाहून आईला घेऊन येणाऱ्या मुलाला, आदल्या रात्री, मोबाइलवरून, कोणालाही न विचारता सोमवारचा नंबर लावता येतो का? एवढं लिहिलं की माणसं कुठली शोधायची हेही आपोआप ठरतं.

माणसं किती? जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित सगळ्यांच्या तोंडी असतं: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, त्या हिशेबाने पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास. हे पाचही जण एकाच प्रकारचे असावे लागतात, हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत अर्धी गर्दी बाहेरची असते. वर्धा, भंडारा, चंद्रपूर तर झालंच, शिवाय छिंदवाडा आणि बालाघाटहून येणारे हिंदीभाषक. शहरातला नोकरदार आणि ही मंडळी एका पाचात बसत नाहीत. दोन गट करा, प्रत्येकी चार-पाच. शिवाय एक-दोन नावं हाताशी ठेवा, कारण ऐनवेळी "भाऊ, आज नाही जमत" हा फोन येतोच.

आयटी पार्कातल्या ओळखीच्या पोरांना बसवू नका. त्यांना काही अडत नाही, आणि अडलं तरी कुठे दाबायचं ते त्यांना सवयीने कळतं. माणसं ओपीडीत, समोरच्या मेडिकलवाल्याच्या ओळखीतून, परवानगी घेऊन गाठा. फोनवर निवड करताना "तुम्ही इंटरनेट वापरता का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मागच्या वेळी रेल्वेचं तिकीट काढलं ते कोणी काढलं? कुठल्या फोनवरून?" असं विचारा. "पुतण्याने काढून दिलं" हे उत्तर आलं की समजायचं, वापरणारा पुतण्या आहे. काकांना बोलवायचं की पुतण्याला, हे वरच्या कागदावरचा प्रश्न वाचून ठरवा. अठरा वर्षांखालचं कोणी नको, संमतीचं काम वेगळं होऊन बसतं.

तारीख ठरवताना कॅलेंडरसोबत शहरही बघा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, त्यामुळे दुपारी बारा ते चार कोणाला बोलवायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी महाल-इतवारीतून कोणी वेळेवर पोचत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते आणि डिसेंबरात अधिवेशन सुरू असलं की सिव्हिल लाइन्स, हे दोन्ही टाळा.

खोलीचं बघायचं तर पहिला शत्रू कूलर. उन्हाळ्यात तो बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त तोच ऐकू येतो. एसीची खोली मिळत नसेल तर कॉलरला लावायचा माइक घ्या आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत, कूलर चालू ठेवून, दोन मिनिटं बोलून ऐका. बसताना समोरासमोर नको, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. थोडं मागे, बाजूला बसा. सोबत आलेल्यांची सोय बाहेर करा. दवाखान्याच्या कामाला आपल्याकडे कोणी एकटं येत नाही, आणि सोबतचा मुलगा खोलीत असेल तर आईच्या हातातला फोन तिसऱ्या मिनिटाला त्याच्या हातात जातो. एखाद्या बैठकीत मुद्दाम दोघांना सोबत बसवायला हरकत नाही, घरी तसंच होत असतं. पण ते आधी ठरवून, आपोआप झालं म्हणून नव्हे.

फोन त्यांचाच वापरायचा. ऑफिसचा नवा कोरा फोन हातात दिला की अर्ध्या अडचणी तिथेच झाकल्या जातात. त्यांच्या फोनची काच तडकलेली असते, मेमरी भरलेली असते, आणि चाळिशीनंतर बहुतेकांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. त्या मोठ्या अक्षरात तुमचं 'पुढे जा' हे बटण स्क्रीनच्या खाली ढकललं जातं का, हे त्याच फोनवर कळतं. स्क्रीन रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा आणि नोटिफिकेशन बंद करून घ्या. घरच्यांचे मेसेज आपल्या रेकॉर्डिंगमध्ये यायला नकोत. ऑफिसचं वायफाय देऊ नका, त्यांच्याच डेटावर चालू द्या. ओटीपी खरा येतो की नाही हे डेव्हलपरकडून आदल्या दिवशी तपासून घ्या. चाचणीसाठी केलेल्या साइटच्या प्रतीवर ओटीपी बंद ठेवतात आणि नेमकी माणसं तिथेच अडकत असतात.

संमतीचा कागद मराठीत एक, हिंदीत एक. काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, कधी पुसणार, हे तीन मुद्दे त्यात असलेच पाहिजेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती आणि हेतू या दोन्हींवर भर देतो. कागद हातात देऊन सही घेऊ नका, वाचून दाखवा. आजार खरा सांगायला लावू नका, नाव-पत्ताही बनावट द्या. मानधनाचं पाकीट सुरुवातीलाच हातात ठेवा आणि सांगा की साइट जमली, नाही जमली, पैसे तुमचेच. शेवटी दिलं तर माणूस पाकिटाकडे बघून गोड बोलतो.

आता जो भाग बहुतेक जण गाळतात. आपल्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चुका काढण्यासाठी दहा माणसांचा वेळ घालवायचा नाही. त्या आधी काढा. मराठी पानावर बटणातल्या शब्दांच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात का बघा. इंग्रजीसाठी बसवलेली ओळींची उंची देवनागरीला पुरत नाही. शीर्षकाला डिझायनरने अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि सगळा शब्द सुटा सुटा दिसतो. मग फॉर्मवर या. मराठी कीबोर्डवरून पिनकोड टाका: ४४००१२. बहुतेक वेळा लाल अक्षरांत येईल, "कृपया योग्य पिनकोड टाका". समोरच्याने योग्यच टाकलाय. जावास्क्रिप्ट या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत आकडे तपासायला वापरतात ते बॅकस्लॅश-डी हे चिन्ह फक्त इंग्रजी आकडे ओळखतं, देवनागरी आकडे त्याच्या हिशेबात आकडेच नाहीत. काकू तोच पिनकोड तीनदा टाकतील, मग "माझंच काही चुकत असेल" म्हणून फोन खाली ठेवतील. दुरुस्ती काही ओळींची आहे: आत घेताना आकडे बदलून घ्या. नावाच्या रकान्यांचंही तसंच. आपलं नाव तीन पदांचं, साइट दोनच मागते, मग वडिलांचं नाव कुठे घालायचं यावर माणूस थबकतो.

त्याच तपासणीत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ आहे का ते तपासा. तारखेचे चौकोन बोटाला पुरतात का तेही बघा. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीत किमान माप २४ गुणिले २४ पिक्सेल दिलंय. मला ते कॅलेंडरच्या तारखांसाठी कमीच वाटतं.

समोर बसलेल्याने साइटवर काय करायचं हे सांगणारी कामाची चिठ्ठी लिहिताना बटणावरचे शब्द तिच्यात येऊ देऊ नका. बटणावर 'अपॉइंटमेंट बुक करा' असेल आणि चिठ्ठीतही तेच असेल तर माणूस नुसते शब्द जुळवतो. असं लिहा: "आईचा गुडघा फार दुखतोय. सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने तुम्ही नागपूरला पोचणार. त्या दिवशी हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे." अशी गोष्ट सांगण्याला आपल्याकडे खास कारण आहे. या क्षेत्रातल्या तज्ज्ञ अपाला लाहिरी चव्हाण यांनी भारतातल्या चाचण्यांसाठी 'बॉलिवूड पद्धत' मांडली. भाचीचं लग्न तोंडावर आलंय आणि कळतं की नवरदेव गुंड आहे, वर आधीच लग्न झालेला, तर ताबडतोब विमानाचं तिकीट काढायचं, असा तिचा थाट. गोष्टीत शिरलेला माणूस यजमानाची भीड विसरतो आणि साइटवर चिडतो. दवाखान्याच्या कामाला एवढा मसाला लागत नाही, आईचा गुडघा पुरतो.

तुमचं स्वतःचं बोलणंही लिहून ठेवा. "ही साइट मी बनवलेली नाही" हे वाक्य त्यात हवं, आणि ते खरं असावं; म्हणून डिझायनरने स्वतः चाचणी घेऊ नये. "हे कुठे असते जी?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मी इथे नसतो तर तुम्ही काय केलं असतं?" त्यानंतर गप्प बसायचं. हे गप्प बसणं नागपूरकराला फार जड जातं, म्हणून ऑफिसातल्या शिपायासोबत किंवा हिशेबनिसासोबत एक रंगीत तालीम करा. तालमीत चिठ्ठीतली चूकही सापडते.

क्लायंट बघायला येणार म्हणतील. येऊ द्या, पण दुसऱ्या खोलीत, स्क्रीनवर. चाचणीच्या खोलीत डॉक्टरसाहेब मागून "अरे, ते वर आहे ना" म्हणाले की ती बैठक गेली. त्यांच्या हातात कागद आणि पेन द्या, दिसेल ते लिहायला सांगा.

मोजमाप साधं ठेवा: जमलं, अडखळत जमलं, सोडून दिलं. वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी, जॉन ब्रुकने १९८६ मध्ये केलेली एसयूएस ही दहा विधानांची प्रश्नावली बरेच जण शेवटी भरून घेतात. तिची सरासरी शंभरपैकी ६८ धरतात. चार-पाच माणसांवर तो आकडा शोभेचा असतो, आणि तिच्यातली एकाआड एक उलटी विधानं मराठीत वाचून दाखवताना लोक गोंधळतात. मी ती प्रश्नावलीच गाळतो.

सकाळी पिशवीत: एक्स्टेन्शन बोर्ड, तिन्ही प्रकारचे चार्जर, पॉवरबँक, छापलेल्या चिठ्ठ्या, संमतीचे कागद, पाकिटं, कोणी चष्मा विसरलं तर वाचायचा एक जादा चष्मा. दोन बैठकांमध्ये किमान अर्धा तास मोकळा सोडा. आणि डेव्हलपरला संध्याकाळी सहाला बोलावून ठेवा, कारण पिनकोडसारख्या गोष्टी दुसऱ्या दिवशीचा गट येण्याआधी रातोरात सुधारता येतात.