शहर निवडण्याआधी तीन दिवस चाला

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. नव्या शहरात राहायचं ठरवताना घरं बघण्याआधी मी तीन दिवस नुसती हिंडते. तुम्हीही तसंच करा.

पहिल्या दिवशी मुद्दाम रस्ता चुका. दर दोन-तीन मिनिटांनी वळायला गल्ली मिळते का, ते बघा. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली हेच मांडलं होतं: गल्ल्या जवळजवळ हव्यात, घरं आणि कामाच्या जागा मिसळलेल्या हव्यात, जुन्या इमारती शिल्लक हव्यात. मला शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. नव्या बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल व्हायचा असतो. प्रयोग करणाऱ्याला ते भाडं झेपत नाही. म्हणून जुन्या इमारतींचे वरचे मजले न्याहाळा. बाइंडर, छापखाना, तालमीची खोली दिसली की जिना चढा, बोला. माझी कितीतरी चित्रं अशा जिन्यांवरच सुचली आहेत.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन एकाच जागी दोन तास बसा. काही विकत न घेता बसू देतात का? शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांचं चित्रीकरण केलं, तेव्हा दिसलं की हलवता येणारी खुर्ची असली तर माणसं बसण्याआधी ती जराशी सरकवतात. ते सरकवणं मी तासन्‌तास रेखाटू शकते.

ग्रंथालय किती वाजता बंद होतं, तेही विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने पहाटे आणि दिवेलागणीला जा. उजेड, आवाज, माणसं बदललेली दिसली आणि हात आपोआप वहीकडे गेला, तर घरं बघायला लागा.