शाळेच्या पूरक आहारातून बिस्किटाचा पुडा कसा बाद करायचा

पूरक आहार म्हणजे शाळेत रोजच्या जेवणाखेरीज मुलांना मिळणारा खाऊ. त्यात ‘जंक फूड आणू नये’ एवढ्यावर शाळा व्यवस्थापन समितीने ठराव संपवला, की पुढच्या खेपेला ‘मल्टिग्रेन’ छापलेला पुडा येतो आणि पुरवठादाराशी भांडायला हातात काही उरत नाही. म्हणून ठरावात कंपनीचं नाव नको, कसोटी लिहा : घटकांच्या यादीत पहिल्या तिनांत मैदा, साखर, लिक्विड ग्लुकोज किंवा पाम तेल असेल, तर तो पाकीटबंद पदार्थ घ्यायचा नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानेच छापावे लागतात, त्यामुळे ही तपासणी दुकानातच उरकते. खारट पदार्थ असेल तर सोडियमला २.५ ने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

पर्याय हाताशी नसेल तर पुडा महिन्याभरात परत येतो. सोलापुरात शेंगदाण्याला तोटा नाही. १०० मुलांना ३० ग्रॅमचा एकेक लाडू द्यायचा, तर भाजून सोललेले दाणे २ किलो आणि गूळ १ किलो. भाजताना घट होते, सालं जातात, म्हणून कच्चे दाणे २.२ किलो आणा. एका लाडवात सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढ्याच वजनाच्या ग्लुकोज बिस्किटांत जेमतेम २. गोडाच्या बाबतीत मात्र लाडू काही फार साव नाही, गूळही शेवटी साखरच. त्यामुळे एक आठवडा लाडू, दुसऱ्या आठवड्यात फुटाणे किंवा मटकीची उसळ.

दाणे घेताना मूठभर दुभंगून आतून पाहा. काळपट, हिरवट बुरशी दिसली किंवा कडवट लागले तर अख्खं पोतं परत करा. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून जात नाही. अंगणवाडीतल्या लेकरांना अख्खे दाणे किंवा फुटाणे कधीच नकोत, घशात अडकतात. बारीक कूटच द्या. केळी द्यायची असतील तर एप्रिलच्या उन्हात ती आदल्या दिवशी आणून ठेवू नका.

फाटकाबाहेरच्या गाडीचा प्रश्न वेगळा. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आधी टेप लावून अंतर मोजा, मग गाडीवाल्याशी बोला. हंगामात पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा विकायला तो बहुधा तयार होतो, कारण त्याला गिऱ्हाईक हवं असतं, वेफर्स नव्हे. नाहीच ऐकलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार.

वाढदिवसाचा खाऊ आणि तिथीभोजन (खास दिवशी गावकरी किंवा पालक मुलांना देतात ते जेवण) ही खरी पळवाट. तिथेही हीच कसोटी, हे पालकसभेतच सांगून टाका, नुसती चिठ्ठी पाठवून भागत नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगूतून आणि अक्कलकोटकडे कन्नडमधून सांगणारं कुणी सोबत घ्या.

पावतीवर ‘खाऊ’ असं मोघम लिहून घेऊ नका. पदार्थ, वजन, दर वेगवेगळे हवेत, आणि चव रजिस्टरमध्ये (मुलांना वाढण्याआधी पदार्थ चाखल्याची नोंदवही) त्याच दिवशी त्याच पदार्थाची नोंद जुळली पाहिजे.