गोव्याहून बर्गनला: पोहोचल्यावरचा पहिला तास

मोपा-दाबोळीहून नॉर्वेतल्या बर्गनला थेट विमान नाही. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज किमान 15 दिवस आधी करा, प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. बॅगेत चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) किंवा तूप भरू नका. युरोपबाहेरचे मांस आणि दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत.

विमानतळाला लागूनच ट्रामचा थांबा आहे. तिकीट चढण्यापूर्वीच काढा, नाहीतर तपासनीस जबर दंड करतो. शेवटचा थांबा शहराच्या मध्यभागातला बीपार्केन, तिथवर साधारण 45 मिनिटे.

पाऊस बहुधा असतोच. पण हा आपल्या आषाढातल्यासारखा धो-धो नव्हे. बारीक, गार आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा. छत्री उलटते, म्हणून टोपीचा रेनकोट हातसामानातच ठेवा. बंदराकाठच्या ब्रिग्गेन या जुन्या भागातल्या लाकडी घरांमधल्या फळ्यांच्या बोळांत ओल्या लाकडावर पाय घसरतो, रबरी तळाचेच बूट घाला.