बाळाचा श्वास मोजताना

वॉर्डात नवी विद्यार्थिनी आली की मी तिला आधी सेकंदकाट्याचं घड्याळ आणायला सांगते. मोबाइल नको, त्यात लक्ष भलतीकडेच जातं.

बाळ रडत किंवा दूध पीत असेल तर थांबा. शांत झालं की झबलं वर करून पोटाकडे बघा. एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं माझ्याकडे चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. ते नॉर्मलच आहे.

दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर श्वास जलद. तान्ह्याचे 60 भरले तर पुन्हा मोजा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय? मग आकडा राहू द्या, डॉक्टरांना बोलवा.